सुने बोले, गावा लागे

मोहाडीच्या शाळेत मी रुजू झाले त्या आठवड्यात, खोली कुठे घेतली असं जो कोणी विचारी, तो माझं उत्तर ऐकून हळहळल्यासारखा म्हणे, "भांडनाऱ्या बुढीच्या घरी का?"

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा काळ. एकट्या बाईला खोली देणारं घर त्या गावात सहज मिळत नव्हतं. वर्ध्याहून ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेल्या मला निवड करायची सोयच नव्हती. समोरच्या शिंप्यानं तेवढा धीर दिला. म्हणाला, "घर चांगलं आहे बाई. फक्त कानात बोळे ठेवत जा."

त्या बुढीला सगळी आळी मोठीमाय म्हणायची. उंच, काटक बाई. लुगडं घोट्याच्या बरंच वर संपलेलं, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की ती परसात बोलली तर तहसील कचेरीतल्या माणसानं मान वर करून बघावं. घरात ती, तिची सून वच्छला आणि वच्छलाची नुकतीच बोलू लागलेली लेक बेबी, एवढीच माणसं. मोठीमायचा नवरा फार वर्षांपूर्वी वारला होता. एकुलता मुलगा रामदास चिखल्याला मँगनीजच्या खाणीत कामाला. तिकडे सोबत्यांबरोबर एका खोलीत राहायचा आणि सुट्टीला तेवढा घरी यायचा. इकडची धानाची शेती सासू-सून बघायच्या.

पहिल्याच सकाळी मला जाग आली ती भांडणानं.

"अवं, भाजीत मीठ टाकलं का मिठात भाजी टाकली?" मोठीमाय विचारत होती. "तुह्या हातचं खाऊन मानूस मरत नाई, पन जगाची इच्छा राहत नाई त्याची."

"मंग तुमीच करत जा ना, माय," वच्छला म्हणाली.

"मीच करू? मंग तुले कायले आनली वाजतगाजत? ओसरीत बसवून हळदीकुंकू लावाले?"

चुलीवरचा गंज दाणकन आपटला. ओसरीवर रामदासचा कुणी लांबचा आतेभाऊ बरेच दिवस मुक्काम ठोकून होता. तो उठला, पायात चपला सरकवल्या, पिशवी घेतली आणि दाराशी पुटपुटला, "मोठीमाय, येतो मंग मी. वावरात काम पडलं आहे." आत तर मिठावरून विषय वच्छलाच्या झोपेवर गेला होता.

मी ठरवलं, संध्याकाळी शाळा सुटली की दुसरी खोली शोधायची. तोंड धुवायला पाणी हवं होतं म्हणून मागच्या दारानं स्वयंपाकघरात डोकावले, तर सासू आणि सून एका ताटात जेवत बसलेल्या. वच्छलानं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं पोर रडते आहे. तिनं मान वर केली तेव्हा कळलं, ती हसत होती.

मोठीमायनं शांतपणे भाकरी मोडली. "बसा, बाई. तुमी काई पाह्यलं नाई."

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. तो आतेभाऊ रोज वेगळी भाजी मागायचा आणि जेवून झाल्यावर वच्छलाला उपदेश करायचा, की नवरा तिकडे आणि बायको इकडे हे काही बरं नाही. त्याला जा म्हणायची सोय नव्हती. भावकीत बोभाटा झाला असता.

"आता तो काय सांगन?" मोठीमाय म्हणाली. "बिचारीले भलता सासुरवास आहे म्हनन. नाव माह्यं गेलं, माही सून सुटली. माह्या नावाचं काय लोनचं घालाचं आहे मले?"

मी दुसरी खोली शोधली नाही. मोहाडीत होते तोवर त्याच घरी राहिले.

हळूहळू मला त्या भांडणांची रीत कळत गेली. कुणी उसनवारीला वरचेवर येऊ लागलं, कुणी चहाड्या करायला टेकलं, कुणी वच्छलाला दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला फुकट राबायला बोलावलं, की मोठीमायचा आवाज चढे. "जाईन म्हनते, जाईन. घरचे भांडे कोन घासन, तुहा बाप?" असं म्हणता म्हणता ती जीभ चावी, कारण तिचा स्वतःचाच एक नेम होता. भांडणात सुनेच्या माहेराचं नाव काढायचं नाही. मुलाचं काढायचं नाही, नातीचं काढायचं नाही. ती मला म्हणाली होती, "खोट्या भांडनात खरी गोष्ट नाई आनाची बाई. खोटं भांडन हात धुतला की जाते. खरं असलं की मांगं राह्यते."

वच्छला मात्र या कामात अगदी कच्ची. गोरी, ठेंगणी, गालाला खळ्या पडणारी मुलगी. सासूनं तोंड उघडलं की तिला हसू फुटे. मग पदर तोंडात कोंबून ती भिंतीकडे तोंड करी. बाहेरून बघणाऱ्या बायांना वाटे, पोर हमसून हमसून रडते आहे. त्या चुकचुकत निघून जात. मोठीमाय नंतर तिला रागावे, खरोखरच रागावे. "दात दिसत होते तुहे. एखाद्या दिवशी सगळं मातीत घालशीन."

आळीतल्या बाया दोन गटांत वाटल्या गेल्या होत्या. काही वच्छलाला गाठून सासूविरुद्ध बोलत, काही मोठीमायला गाठून सुनेविरुद्ध. दोघी सगळं ऐकून घेत आणि दुपारी धान पाखडताना कोण काय म्हणालं ते एकमेकींना सांगत. गावात काय चाललं आहे हे त्या घराइतकं कुणालाच ठाऊक नसे.

हे सगळं मोठीमायला सुचलं कसं, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ती म्हणाली, "भासऱ्यामुळे."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच अंगणाच्या पलीकडच्या बाजूला त्याचं घर. सगळे त्याला आबाजी म्हणायचे. पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा, घराण्याचा न्यायनिवाडा करणारा म्हातारा. त्या काळच्या रीतीनं धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी अक्षर बोलायचं नाही. मोठीमाय लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. नवरा गेल्यावर घराचे सगळे निर्णय आबाजींच्या हाती गेले, आणि बोलायचं तर त्यांच्याशीच बोलता येत नव्हतं.

रामदास शाळेत जाण्याजोगा झाला तेव्हा आबाजींनी अंगणात जाहीर केलं, पोरगा ढोरं राखेल. मोठीमाय तरुण विधवा. दुसऱ्या दिवशी आबाजी अंगणात दात घासत असताना ती गोठ्यात शिरली आणि बैलाला बोलू लागली.

"तुहं बरं आहे रे बैला," तिनं त्याला सुनावलं. "तुले बाप नसला तरी चालते. तुह्या काकाले कोनी विचारत नाई, की भावाचं लेकरू अडानी काहून ठेवलं. तुमा ढोरांत काई लाज नसते."

रोज सकाळी बैलाला अशी दोन वाक्यं ऐकावी लागत. शेवटी आबाजींनी पोराला शाळेत घातलं. त्यानंतर कित्येक वर्षं घरातल्या प्रत्येक मोठ्या प्रश्नावर त्या बैलानं, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या बैलानं, बोलणी खाल्ली. रामदासचं लग्न होऊन वच्छला घरात आली तेव्हा कुठे जनावराची सुटका झाली.

लेकी बोले सुने लागे ही म्हण शाळेत शिकवताना मला हसू यायचं. आमच्या घरी सुनेला बोललेलं अख्ख्या गावाला लागायचं.

वच्छला मॅट्रिकला नापास झालेली होती. इंग्रजी आणि गणित. त्यानंतर तिचं लग्न लागलं. मी इंग्रजी शिकवते म्हटल्यावर एक दिवस मोठीमायच माझ्याकडे आली, दाराशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, इचं इंग्रजी दुरुस्त होते का पाहा. पोट्टीचं डोकं चांगलं आहे. माह्यासंग भांडता येत नाई तिले, पन बाकी चांगलं आहे."

इंग्रजीबरोबर गणिताचीही शिकवणी सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी मोठीमायनं अंगणात उभं राहून आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "या वयात पुस्तकं पाह्यजे महाराणीले. एकेक करून चुलीत घालतो का नाई पाहा."

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. शिंप्याच्या बायकोनं वच्छलाची पुस्तकं आपल्या घरी शिलाईच्या कपड्यांत लपवून ठेवायची तयारी दाखवली. पलीकडची एकजण दुपारी बेबीला खेळवायला घेऊन जाऊ लागली, पोरीला घटकाभर वाचता यावं म्हणून. ज्या बायांनी एरवी "सून शिकून काय कलेक्टर होनार आहे?" असं म्हटलं असतं, त्या सगळ्या तिच्या बाजूला उभ्या राहिल्या, कारण समोरच्या बाजूला मोठीमाय एकटीच उभी होती. ती जागा तिनं कुणाला सोडलीच नव्हती.

वच्छला पास झाली. मोठीमायनं त्या दिवशी अंगणात कडाकडा बोटं मोडली आणि आत येऊन गुळाचा मोठा खडा सुनेच्या तोंडात घातला.

खरी अडचण पुढे होती. भंडाऱ्याला नर्सबाईचं ट्रेनिंग मिळत होतं. मीच चौकशी करून आले होते. पण तिथे राहावं लागणार होतं, आणि बरेच महिने. तरणी सून, लहान लेक, घरी पुरुषमाणूस नाही. रामदासला विचारलं तर तो म्हणाला, "माय म्हनन ते." तो चांगला मुलगा होता. आईचं आणि बायकोचं मत एकच असतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो बहुतेक प्रश्न दोघींवर सोपवून जेवायला बसे. पण आबाजींनी नाही म्हटलं असतं, तर रामदासही त्यांच्यापुढे उभा राहिला नसता.

आबाजी रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. भावकीतले आणखी दोघंतिघं सोबत होते. मला शाळेची बाई म्हणून बोलावलं होतं. रामदास खांबाला टेकून खाली बघत होता. आबाजींनी पानाचा विडा तोंडात ठेवला, घसा खाकरला आणि ते सुरुवात करणार एवढ्यात दाराआडून मोठीमायचा आवाज आला.

"वच्छले, कान उघडून ऐक. तू भंडाऱ्याले गेली तर या घराचं दार तुले बंद. रोग्याइचे हात धरशीन, बायाइचे बाळंतपनं करशीन, आन आमी कोनाले तोंड दाखवाचं? मी जिती आहो तोवर हे होनार नाई."

आबाजींनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. भावकीतला एकजण मान डोलावून म्हणाला, "बरोबर म्हनते बुढी."

"कोन म्हनते बरोबर?" आतून लगेच आलं. "वच्छले, त्याइले सांग, माह्या सुनेले मी बोलीन, बाकीच्याइनं बोलाची गरज नाई. आन हेही ऐक. हे घर मी चालवतो. या घरात दुसऱ्या कोनाचा शब्द चालत नाई. मोठा असो का लहान."

आता आबाजींची मिशी हलली. ते खांबाकडे बघून म्हणाले, "रामदासच्या मायले सांगा, या घरात अजून मोठं मानूस जितं आहे."

"वच्छले, सांग, असन जितं. पन मी ऐकनार नाई."

वच्छला दोघांच्या मध्ये, चौकटीत, भिंतीकडे तोंड करून उभी होती. तोंडात पदर होता आणि खांदे हलत होते. मी जीव मुठीत धरून बसले होते. आबाजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पोट्टी रडून राहिली," ते भावकीला म्हणाले. "मरत मरत शिकली बिचारी. हिची सासू पुस्तकं जाळाले निघाली होती, हे गावाले मालूम आहे. आपल्या घरान्यात सुनेवर असा जुलूम झाला म्हनून उद्या लोकं आपल्याले नावं ठेवतीन." त्यांनी काठी आपटली. "पोट्टी जाईन भंडाऱ्याले. मी सांगतो. पाह्यतो कोन अडवते ते."

मोठीमायनं आत भांडी आपटली, नशिबाला बोल लावला, चूल विझवून टाकीन म्हणाली. भावकी आबाजींच्या न्यायाचं कौतुक करत परत गेली. सगळे गेल्यावर ती बाहेर आली, घाम पुसत रामदासच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मधात मले वाटलं, बुढा खरंच माह्या बाजूनं बोलते का काय."

वच्छला भंडाऱ्याला गेली आणि घर एकदम मुकं झालं. मोठीमाय सकाळी सवयीनं तोंड उघडी आणि समोर कुणी नाही हे आठवून मिटे. एकदा तिनं माझ्याशी भांडून पाहिलं. माझ्या खोलीसमोर उभी राहून म्हणाली, "रांगोळी काढली का कोंबड्यानं माती उकरली?" मी गडबडले आणि म्हणाले, "मोठीमाय, तुमचं म्हणणं मला पटत नाही." तिनं निराशेनं मान हलवली. "जाऊ द्या बाई. तुमी पुस्तकातलं भांडता."

सुट्टीच्या दिवशी ती बेबीला कडेवर घेऊन एस.टी.नं भंडाऱ्याला जायची. सोबत तांदळाच्या भाकरी, लाखोळीच्या डाळीचे वडे. वरठीला रेल्वे स्टेशनाशी बस थांबली की पोरीला आगगाडीचं इंजिन दाखवायची. परत येताना बेबी रडून रडून झोपलेली असे. मोठीमाय रडत नसे, पण त्या दिवशी ती कुणाशी बोलतही नसे.

शेवटच्या परीक्षेच्या सुमारास बेबीला गोवर निघाला. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, ताप उतरेना. मी म्हणाले, वच्छलाला निरोप पाठवू या. मोठीमायनं पोरीला मांडीवर घेतलं होतं. ती म्हणाली, "नाई. तिची परीक्षा आहे. पोरीच्या तापाले माय लागते हे मले समजते. पन पोरीच्या अख्ख्या जन्माले मायची नोकरी लागते. ताप मी पाहून घेतो."

मी समजावून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. त्या दिवसांत ती मांडीवरून उठली असेल तर फक्त डॉक्टरला बोलावायला आणि पेज शिजवायला. आळीत कुणी "मायले बोलवा" म्हटलं की ती खरंच चिडायची, आणि तो आवाज वेगळाच होता, खालच्या पट्टीतला. ताप उतरला तेव्हा पोर हाडांचा सापळा झाली होती, आणि आजीही.

परीक्षा आटोपून वच्छला हसत हसत घरी आली. बेबीला उचललं आणि तिचं हसू गेलं. पोरीच्या अंगावर सुकलेले डाग होते. तिनं विचारलं, "कवापासून?"

मोठीमायनं सांगितलं.

वच्छला काही बोलली नाही. त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाक केला, सासूचं ताट वाढलं, आपलं वेगळं वाढून घेतलं. पोरीला छातीपासून दूर केलं नाही. मोठीमायनं अंगणात उभं राहून "चूल पेटवली का धूर काढला?" असं म्हणून पाहिलं. आतून उत्तर आलं नाही. त्या घरातून इतके दिवस आवाज आला नाही असं आळीत कुणाला आठवत नव्हतं. शिंप्याची बायको मला हळूच विचारून गेली, कोणी फार आजारी आहे का. दुसरी म्हणाली, भांडत होत्या तेच बरं होतं, आता भीती वाटते.

आबाजींनी मला रस्त्यात अडवलं. "बाई, आमच्या घरचं भांडन काहून बंद आहे?"

मी झालेलं सांगितलं. ते काठीवर हनुवटी टेकवून ऐकत राहिले.

"म्हनजे या खेपेले खरं आहे," ते म्हणाले.

मी दचकले. "आबाजी, तुम्हाला माहीत होतं?"

"बैलासंग बोलत होती तवापासून ऐकून राहिलो, बाई. मी काय बैल आहो?" त्यांच्या मिशीत हसू आलं. "त्या दिवशी मी सरळ हो म्हटलं असतं तर भावकीनं मले खाल्लं असतं. तिनं नाई म्हटलं म्हनून मले हो म्हनता आलं. आमी कधी बोललो नाई एकमेकाशी. पन तिले काय पाह्यजे ते मले समजते, आन मले समजते हे तिलेही समजत असन." मग ते गंभीर झाले. "हे मात्र त्या दोघीइलेच सोडवावं लागन. यात बुढ्यानं जाऊ नये."

ते सुटलं ते असं. सकाळची वेळ होती. मी ओसरीवर वेणी घालत होते. मोठीमाय चुलीपुढे होती आणि वच्छला परसात बेबीला न्हाऊ घालत होती. एकाएकी वच्छला मोठ्यानं बोलू लागली. आजवर भांडण तिनं कधी सुरू केलं नव्हतं.

"ही भाजी आहे का ढोराचं पानी?" ती म्हणाली. "हेच चारून चारून पोट्टी अशी वाळवली. मायले सांगावं नाई वाटलं कोनाले. परीक्षा माही होती, पोट्टीही माहीच होती. काय सोडाचं आन काय धराचं हे मले ठरवाचं होतं. तुमी कोन ठरवनाऱ्या?"

समोरच्या घरातून कुणीतरी सुस्कारा टाकला. झालं, पूर्ववत झालं, असं आळीला वाटलं असणार. मी मात्र आत पाहिलं. मोठीमाय हातात पळी घेऊन उभी होती. खोट्या भांडणात खरी गोष्ट आणायची नाही हा तिचा नेम, आणि सुनेनं तो सगळ्या आळीदेखत मोडला होता. मोठीमायनं पळी खाली ठेवली. ती मागच्या दाराशी गेली आणि सुनेला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "चुकलं माह्यं."

वच्छलानं बेबीच्या डोक्यावर पाणी घातलं. थोड्या वेळानं तितक्याच हळू म्हणाली, "पुन्हा असं नोका करू, माय."

"नाई करीन."

"सांगाचं मले. काईही असो."

"सांगीन."

मग मोठीमायनं डोळे पुसले, आणि बराच वेळ झाला हे ध्यानात येऊन आळीसाठी ओरडली, "ढोराचं पानी म्हनते. उद्यापासून तूच शिजव मंग." वच्छलाला हसू आलं. पण त्या दिवशी पदरामागे ती रडतही होती, एवढं मला दिसलं. दुपारी दोघींचं ताट एक झालं.

वच्छलाला नोकरी लागली आणि काही वर्षांनी चिखल्याजवळच्या एका गावच्या उपकेंद्रात तिची बदली झाली. रामदासची खाण सायकलच्या टप्प्यात आली. तिघं एकत्र राहणार म्हणून सगळ्यांना आनंद झाला. मोठीमायला सोबत न्यायचं तर तिनं घर सोडायला साफ नकार दिला, आणि वच्छलानं तिच्या नकाराकडे ढुंकूनही न पाहता तिची लुगडी गाठोड्यात बांधली. शेत आबाजींच्या नातवाकडे कसायला दिलं. निघताना मोठीमाय आबाजींच्या दारासमोरून गेली, पदर पुढे ओढला आणि बेबीला म्हणाली, "तुह्या आबाजीले सांग, तब्येतीले जपा म्हनावं." आबाजी दाराच्या चौकटीला म्हणाले, "सांगा, जपतो म्हनावं."

मग माझीही बदली झाली. पंच्याऐंशीच्या पुढेमागे, एका उन्हाळ्यात, तुमसरला लग्नाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेले. उपकेंद्राच्या मागेच त्यांचं क्वार्टर होतं. भर दुपार. मोठीमाय आता वाकली होती आणि एका डोळ्यानं कमी बघत होती, पण मला पायांच्या आवाजावरून ओळखलं. बेबी शाळेत होती, रामदास खाणीत पाळीवर. वच्छला पहाटेच एका वाडीत बाळंतपणाला गेली होती.

ती आली तेव्हा उन्हानं लाल झाली होती. पांढऱ्या साडीच्या काठाला धुळीचा थर होता. माझ्याकडे बघून तिच्या गालाला त्याच खळ्या पडल्या. "पोरगी झाली," तिनं सासूला सांगितलं, "दोघीही बऱ्या आहेत," आणि भिंतीला टेकून खाली बसली. पाय घोट्यापर्यंत सुजले होते.

मोठीमायनं मला म्हटलं, "दार लोटा, बाई. इथलं गावही भलतं पाहून राह्यते." मी दार लोटलं. तिनं वाटीत खोबरेल घेतलं, सुनेसमोर बसली आणि तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"माय, नोका," वच्छला अर्धवट झोपेत म्हणाली. "मले पाप लागन."

"लागू दे. दोघी मिळून फेडू."

पाय ओढून घ्यायला वच्छलाच्या अंगात ताकद राहिली नव्हती. बोलता बोलता तिची मान कलली. मोठीमाय टाचेपासून वर, सावकाश, तेल जिरवत राहिली. मी काही बोलायला गेले तर तिनं डोळ्यानंच गप्प बसवलं.

बाहेरून कुणी बाई हाका मारू लागली. "नर्सबाई आहे का? डोकं दुखाची गोळी पाह्यजे होती."

मोठीमायनं तोंड फक्त दाराकडे वळवलं.

"झोपली आहे महाराणी," ती कडाडली. "दिवसाढवळ्या पाय पसरून झोपली आहे. मी बुढी मरमर मरतो, आन हिले काई फरक नाई. असी सून वैऱ्यालेही भेटू नोको. संध्याकाळी ये तू."

बाहेरची बाई चुकचुकली आणि निघून गेली. मोठीमायचे हात थांबले नव्हते. तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला. वच्छला जागी झाली नाही. त्या आवाजात तिला गाढ झोप लागायची.